डिसेंबरचं डिसेंबरात

न्यू जर्सीच्या माझ्या लेकी, सलाम.

तुझं पत्र आलं त्या दिवशी भायखळ्याला सकाळपासून पाऊस कोसळत होता. खिडकीशी बसून मी ते तीनदा वाचलं. नवऱ्याची नोकरी गेली, एच-वन-बी म्हणजे नोकरीवरचा व्हिसा असल्यामुळे दुसरी सोय करायला हातात ६० दिवस, त्यातले २९ संपले. तू लिहितेस, "मावशी, रात्री गुडघे टेकून सगळं प्रभूच्या हाती सोपवते. अंथरुणाला पाठ टेकली की पुन्हा फोन उघडून बँकेतले पैसे मोजत बसते. मार्चपर्यंत पुरतील का, घराचा हप्ता, मुलाचा खर्च. मग वाटतं, माझा विश्वासच खोटा आहे."

खोटा नाही गं. मार्कच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायातला तो बाप आठव. आजारी मुलाला घेऊन येशूपुढे उभा राहतो आणि एका दमात दोन्ही बोलतो : माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासातून मला सोडव. 'आधी विश्वास पक्का कर, मग ये' असं येशू त्याला म्हणाला नाही. त्याने मुलाला बरं केलं. तेव्हा रात्री पैसे मोजते म्हणून स्वतःला दोष देणं आजपासून बंद.

मला खटकलं ते दुसरंच. तुझ्या पत्रात मार्च सहा वेळा आलाय आणि आजचा दिवस एकदाही नाही.

आमची रोजची भाकर आज आम्हास दे. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतली ही ओळ. जुन्या वाचकांना ठाऊक आहे, मी फिरून फिरून याच ओळीवर येते. येणारच. संडे स्कूलपासून आपण ती म्हणतो, इतकी पाठ झाली की कानावरून घसरते. महिन्याचं रेशन मागायला प्रभूने शिकवलेलं नाही. एवढ्याशा ओळीत 'रोजची' आणि 'आज' असं दोनदा बजावलंय. बायबलमधल्या निर्गमच्या सोळाव्या अध्यायात रानातल्या लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, मिळायचा तोही रोजचा रोज. उद्याची धास्ती घेऊन ज्यांनी उरवून ठेवला, त्यांच्या भांड्यात सकाळी किडे झाले. तू रात्री अकरा वाजता मार्चचा मान्ना गोळा करायला निघतेस, बाळ. तो अजून पडलेलाच नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. आम्ही कुवेतला होतो. १९९० च्या जुलैत मुलांना घेऊन मी सुट्टीला मुंबईला आले, हे कामासाठी मागे राहिले. २ ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. फोन लागेना. सगळी बचत तिथल्या बँकेत, तिचा एकाएकी काही उपयोग राहिला नाही. माझ्या पर्समध्ये सुट्टीपुरते पैसे आणि परतीची तिकिटं, तीही बिनकामाची.

सासूबाई नगर जिल्ह्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली, मिलो ज्वारीच्या लाल भाकरींवर चार लेकरं जगवलेली बाई. मी रोज रात्री त्यांच्यापुढे रडायचे. शाळेचं काय, घरभाड्याचं काय, डिसेंबर उजाडला तरी हे आले नाहीत तर काय. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "डिसेंबरचं डिसेंबरात मागू. आज घरात काय नाही ते सांग."

"दूध नाही."

मग आम्ही दुधासाठी प्रार्थना करायचो. फक्त दुधासाठी. मला संताप यायचा. नवरा जिवंत आहे की नाही कळत नाही आणि या दूध काय मागतात! पण दिवेलागणीला त्या पुन्हा बोलावून विचारायच्या, "आज काय मिळालं?" ते तोंडाने सांगावं लागायचं, नुसतं मनात म्हटलेलं चालायचं नाही. एखाद्या दिवशी शेजारच्या बोहरी काकूंनी डाळीचं पातेलं दिलेलं असायचं. एका दिवशी धाकट्याचा ताप उतरला. एका दिवशी मला काहीच आठवेना, तेव्हा त्या म्हणाल्या, "आजचा दिवस गेला ना? तो मिळाला." आणि पाचव्या आठवड्यात निरोप आला की यांच्या खोलीतली माणसं बगदादच्या वाटेला लागली.

भीती गेली असं सांगणार नाही. पण मला झोप लागायला लागली. रोज संध्याकाळी एक एक मिळालेली गोष्ट सांगता सांगता माझ्याजवळ साठा झाला होता, आणि उद्या देणारा तोच आहे हे मला त्या साठ्यावरून कळत गेलं. भरवसा असाच येतो, दूध-डाळीच्या हिशेबातून. एका रात्रीच्या प्रार्थनेत सगळा आयुष्यभराचा भरवसा मागून घ्यायचा तू प्रयत्न करतेस, म्हणून दमतेस.

त्या वर्षी कुवेत आणि इराकमधून सुमारे १,७०,००० भारतीय परतले, बहुतेक जण बसने बगदादमार्गे अम्मानला आणि तिथून एअर इंडियाने मुंबईला. हे सप्टेंबरच्या अखेरीस सहार विमानतळावर उतरले. हातात एक पिशवी, तीत दोन शर्ट. सासूबाईंनी आधी विचारलं ते "जेवलास का?"

माझ्या गोष्टीचा शेवट झाला तसाच तुझ्याही होईल, असं वचन मी देत नाही. आम्ही परत कुवेतला गेलो नाही, आणि बचतीतलं बरंचसं हाती लागलं नाही. कदाचित तुम्हालाही यावं लागेल. इथेही त्या त्या दिवसाची भाकर मागता येते, एवढं मी स्वतः पाहिलंय.

आता रागावते. तू लिहितेस, "चर्चमध्ये कुणालाच सांगितलेलं नाही. हे घरून काम करतात असंच म्हणतो." का गं? देवाकडे भाकर मागायची आणि ती ज्यांच्या हातून यायची त्यांनाच दार बंद? बायबलमधल्या पहिल्या राजांच्या पुस्तकात, सतराव्या अध्यायात, दुष्काळात एलिया संदेष्ट्याला आधी कावळ्यांनी पोसलं. ओढा आटल्यावर देवाने त्याला सारफथ गावच्या विधवेकडे धाडलं. तिच्या मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल. आणि एवढ्या मोठ्या संदेष्ट्याला गावाच्या वेशीशी उभं राहून तिच्याकडे पाणी आणि भाकर तोंडाने मागावी लागली.

बोहरी काकूंकडे पहिल्यांदा सासूबाईंनी मलाच पाठवलं होतं. आम्ही कुवेतवाले, दर सुट्टीला सगळ्या मजल्याला अत्तर आणि साबण वाटणारे. माझी पावलं उचलेनात. काकूंनी दार उघडलं, माझ्या हातातलं रिकामं पातेलं पाहिलं आणि मला जवळ घेतलं. "पंधरा दिवस वाट पाहतेय, तू कधी येशील म्हणून," म्हणाल्या. त्यांना आधीच कळलं होतं. तुझ्या चर्चच्या मंडळीतही कुणाला तरी कळलेलं असेल.

हातपाय हलवायचे नाहीत असा याचा अर्थ मुळीच काढू नकोस. पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी शारदा सदन १८८९ साली इथेच, मुंबईत सुरू केलं. अमेरिकेतून मदतीचं वचन होतं ते १० वर्षांचं. ती मुदत सरत आली असतानाच, १८९६-९७ च्या दुष्काळात, त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणल्या. पण पुण्याजवळच्या केडगावची जमीन त्यांनी त्याआधीच घेऊन ठेवली होती, फळबागेच्या उत्पन्नावर काम चालावं म्हणून. मान्नासुद्धा सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची आज्ञा होती. तेव्हा याच आठवड्यात वकिलाकडे जा. ६० दिवस किंवा मुक्कामाची उरलेली मंजूर मुदत, यात जे कमी ते धरतात. तेवढ्यात नव्या मालकाचा अर्ज दाखल व्हावा लागतो, नाहीतर व्हिसाचा दर्जा बदलून मागावा लागतो किंवा देश सोडावा लागतो. तारखा कागदावर लिहून भिंतीला लावा. पैसे मोजायचे तर शनिवारी सकाळी, दोघांनी मिळून, चहा घेत. रात्री फोन स्वयंपाकघरात ठेव.

आणि तो घरी आहे तर संध्याकाळी त्यालाही विचार, आज काय मिळालं? तुझ्या पत्रात त्याचा पगार आहे, व्हिसा आहे, तो कसा आहे हे कुठेच नाही.

बाकीचं थोडक्यात. नणंदेच्या लग्नाचा आहेर जमेल तेवढा द्या आणि तिला खरं कारण सांगा. तुझ्या आईने इतक्यात तिकडे यावं का, हे दोन महिन्यांनी बोलू. मुलगा मराठीत प्रार्थना करत नाही तर इंग्रजीत करू दे, पण भाकरीची ती एक ओळ त्याला मराठीत शिकव.

रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या कुणा एकीला सांग. कुणाला सांगितलंस ते मला कळव, मी तिच्यासाठीही प्रार्थना करीन.