पाण्यात जायच्या आधी अर्धा तास नुसती बस

अगं,

मेसेज वाचला तुझा. सर्फिंगच्या ॲपवर लाटेची उंची दीड मीटर दाखवत होतं, तू खुशीत बोर्ड घेऊन गेलीस आणि लाटा भिंत कोसळावी तशा एकदम आपटत होत्या, बरोबर ना? ॲप खोटं बोलत नव्हतं, पण त्याला खालच्या वाळूचं काय माहीत! खडकावरची लाट वर्षानुवर्षं त्याच जागी फुटते, बीच ब्रेकला, म्हणजे वाळूच्या तळावर लाटा फुटतात त्या किनाऱ्याला, मात्र खाली वाळूचे बांध असतात आणि एका वादळात ते सरकतात, त्यामुळे मागच्या आठवड्यातली तुझी लाडकी जागा आज गायबसुद्धा असू शकते. ढोबळ हिशोब असा की पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण 1.3 पट राहिली की लाट फुटते, म्हणजे दीड मीटरची लाट दोनेक मीटर पाण्यात. आता बांध किनाऱ्याला समांतर, सरळसोट असेल तर अख्खी लाट एकाच वेळी फुटणार, हेच ते क्लोजआउट. बांधाला खाच असेल तर लाट एका बाजूने सोलल्यासारखी फुटत जाते, तीच आपली.

उंचीच्या आधी पीरियड, म्हणजे एका लाटेमागून दुसरी यायला लागणारा वेळ, बघत जा. 7 सेकंद म्हणजे जवळच्याच वाऱ्याने घुसळलेलं पाणी, 12 सेकंद म्हणजे लांबून आलेली, खोल समुद्रात दोन लाटांमध्ये सव्वादोनशे मीटर अंतर असलेली, ताकदवान. गंमत म्हणजे बीच ब्रेकला हीच दमदार सरळ रेषेतली लाट क्लोजआउट जास्त देते आणि दोन दिशांच्या किरकोळ लाटा एकमेकींना छेदून छान पीक, म्हणजे लाट जिथून फुटायला लागते तो उंच टोकाचा भाग, बनवतात, म्हणून मोठ्या आकड्याला भुलू नकोस.

वारा तुला माहितीये, पहाटेचा मतलई लाटेला थोपवून धरतो, दुपारचा खारा सगळी खिचडी करतो. भरतीचं मात्र प्रत्येक किनाऱ्याला वेगळं, बहुतेक ठिकाणी मधली वेळ बरी, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती मधली वेळ बघताबघता निघून जाते.

म्हणून म्हणतो आधी बस. जिथे लाट फुटत नाही, पाणी गडद आणि शांत दिसतं, नवखे हौसेने तिथेच उतरतात, तो रिप असतो, समुद्राकडे ओढून नेणारा प्रवाह! आपण बाहेर जायला तोच वापरतो म्हणा, पण अडकलीस तर त्याच्याशी भांडू नको, किनाऱ्याला समांतर पॅडल कर, म्हणजे बोर्डवर पडून हातांनी पाणी मार, आणि बोर्ड अजिबात सोडू नको.

बसल्याबसल्या माणसंही बघ. पीकच्या सगळ्यात जवळ जो, लाट त्याची. मी सुरुवातीला एका म्हाताऱ्याच्या लाटेत घुसलो होतो, तो एक शब्द बोलला नाही, पण पुढचे दोन आठवडे माझ्या नमस्काराला मान हलवली नाही, शिव्या परवडल्या असत्या. आणि सगळे एकाच पीकवर गर्दी करून असतील तर तू शंभर पावलं चाल, बीच ब्रेकला दुसरा पीक बहुतेक असतोच, जरा वाकडा असेल इतकंच.

पडलीस की वर येताना दोन्ही हात डोक्यावर. वेटसूटवाले जॅक ओनील, त्यांचा डावा डोळा 1971 साली लीशने, म्हणजे बोर्ड अंगाशी बांधायच्या दोरीने, परत फेकलेल्या बोर्डमुळे गेला, तेव्हाच्या लीश रबरासारख्या ताणायच्या. आताच्या बऱ्या आहेत, तरी हात डोक्यावर.

उद्या उतरायच्या आधी मला कळव, गडद पट्टा कुठे दिसला ते.