युसेबियसचा 'चर्चचा इतिहास' कितपत विश्वासार्ह मानावा?

त्यात उतरवून घेतलेल्या जुन्या मजकुरावर बऱ्यापैकी विसंबा, युसेबियसने स्वतः लावलेल्या अर्थावर मात्र जपून. हा पॅलेस्टाइनमधल्या सीझरियाचा बिशप, साधारण 339 मध्ये वारला. गुरू पॅम्फिलसने वाढवलेलं ग्रंथालय त्याच्या हाताशी होतं, आणि जुनी पत्रं, ग्रंथ तो पानंच्या पानं उतरवून घ्यायचा. 177 च्या सुमारास लियाँमध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ झाला, त्याबद्दल तिथल्या मंडळींनी लिहिलेलं पत्र आज त्याच्यामुळेच वाचता येतं. पण निवड त्याची. आठव्या भागात तो सरळ सांगतो की छळाच्या काळात जे डगमगले त्यांच्याविषयी लिहिणार नाही, उपयोगी पडेल तेवढंच घेईन. म्हणजे गाळतो आणि वर तसं सांगतोही! रोमन सम्राट लिसिनियसचं तर आणखी मजेशीर आहे. सत्तेवर असताना युसेबियसच्या लेखी तो सहसम्राट कॉन्स्टंटाइनच्या जोडीने देवाचा लाडका. 324 मध्ये कॉन्स्टंटाइनकडून हरल्यावर खलनायक. नंतर त्याची स्तुती छाटली गेली, पण काही हस्तलिखितांत जुना मजकूर तसाच राहिला म्हणून ही कात्री कळते.

एक लक्षात ठेवा: नक्कल इमानदारीने केली म्हणून मूळ कागद खरा ठरत नाही. एडेसाचा राजा अबगार आणि येशू यांचा पत्रव्यवहार त्याने तिथल्या दफ्तरातला म्हणून दिला आहे. आजचे बहुतेक अभ्यासक तो बनावटच मानतात.