आधी जमेची बाजू उघड

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

मुख्याधिकारी म्हणून पहिलाच अर्थसंकल्प, सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. खर्चाच्या पानांना तूर्त हात लावू नकोस. आधी जमेची बाजू उघड.

आपल्या नगरपरिषदांत खरी गोम तिथेच असते. प्रत्येक प्रभागातली कामं बसवायची म्हणून मालमत्ता कराची वसुली कागदावर फुगवतात. चालू वर्षाची कराची मागणी आणि वर्षानुवर्षांची थकबाकी, सगळी यंदाच येणार! त्या आकड्याच्या भरवशावर कार्यादेश सुटतात, मार्चमध्ये तिजोरीत खडखडाट असतो आणि कंत्राटदाराचं बिल पुढच्या वर्षावर जातं. तोही काही खुळा नाही. रखडणाऱ्या पैशाचा हिशेब पुढच्या निविदेच्या दरात आधीच धरतो. रस्ता महाग पडतो तो असा.

म्हणून लेखापालांकडून मागच्या तीन वर्षांची प्रत्यक्ष वसुली माग, अंदाज नको. शेजारी दायित्वांची, म्हणजे द्यायच्या राहिलेल्या देण्यांची, यादी ठेव. ती करताना बांधकाम विभागाचं कपाट स्वतः उघडून बघ. काम झालं, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, पण बिल लेखा विभागात पोचलंच नाही, अशी प्रकरणं तिथे सापडतील. राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिका 2004 साली आली, प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्हीकडे नोंदवायची द्विनोंदी पद्धत आली. पण कपाटातला कागद टेबलावर आला नाही तर कुठलीही पद्धत काय करणार?

बचतीचं म्हणशील तर पाणीपुरवठ्याचं वीजबिल घे. झेरॉक्सच्या कागदावर कात्री चालवून काही हाती लागत नाही, उगाच कर्मचारी मात्र दुखावतात. बिलात करार मागणी, म्हणजे वीज कंपनीशी करारात ठरलेला कमाल भार, किती आणि प्रत्यक्ष नोंदलेली किती, हे बारा महिन्यांचं लिहून काढ. जुने पंप बदलले, तरी करार मागणी तीच राहिलेली असू शकते. मग न वापरलेल्या भारापोटीही मागणी आकार, म्हणजे युनिटांखेरीज भारावर लागणारी रक्कम, भरत बसायचं. ती कमी करायला महावितरणकडे अर्ज करावा लागतो. मात्र उन्हाळ्यातला सर्वाधिक भार पाहूनच आकडा ठरव. ठरलेल्या करार मागणीच्या वर गेलास तर दंड बसतो.

वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी-स्वच्छतेसाठीचा आहे. तो रस्त्याकडे वळवा म्हणून कुणी गळ घातली तर तोंडी नकार देऊ नकोस. टिप्पणी लिही, फाईलवर ठेव.

सभागृहात नेण्याआधी मसुदा मला पाठव. सोबत वीजबिलाचा तक्ताही.

तुझा,
काका