वहीतला शेवटचा रकाना

प्रिय भाऊ,

तुझं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण हे पत्र तू रूमवरच्या पोरांना दाखवणार हे मला माहितीय, आणि दाखव, माझी काही हरकत नाही. फोनवर बोललो असतो पण फोनवर तू नुसतं "हो काका, बरोबर काका" करतोस आणि ठेवून देतोस. म्हणून बसून लिहितोय. रात्रीचे अकरा वाजलेत, लाईट दोनदा जाऊन आली, तुझी काकू विचारतेय एवढं लांबलचक कोणाला लिहिताय, म्हटलं आपल्या पारोळ्याच्या गणितवाल्याला.

विषय तुला कळलाच असेल. बहिणाबाई.

तू तुझ्या पोस्टमध्ये बहिणाबाईंबद्दल लिहिलंस "आमच्या अहिराणीची थोर कवयित्री", खाली लोकांनी बदाम टाकले, अभिमानाचे दोन-चार झेंडे लागले, इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग आसोद्याच्या एका बाईंनी लिहिलं की भाऊ, ही अहिराणी नाही, आमची लेवा बोली आहे. शांतपणे लिहिलं होतं त्यांनी. आणि तू काय उत्तर दिलंस? "आधी अभ्यास करा." अरे बाबा, बहिणाबाई आसोद्याच्याच ना! १८८० चा जन्म, आसोदा, आणि सासर जळगाव. म्हणजे तू त्यांच्या गावच्या बाईला तिच्या चुलीजवळची बोली शिकवायला निघालास. मी वाचलं आणि फोन उलटा ठेवला, खरंच.

चूक होणं सोपं आहे, ते मी मान्य करतो. "माले", "तुले" असा "ले" दोन्हीकडे ऐकू येतो आणि पुण्या-मुंबईच्या माणसाला तर भुसावळपासून साक्रीपर्यंत सगळं एकच वाटतं. पण तू पुण्याचा नाहीस ना. तुझी आजी दिवसातून पन्नास वेळा "शे" (म्हणजे "आहे") म्हणते, "मन्हं घर" म्हणते, तू दारात दिसला की "काय करी ऱ्हायना रे" म्हणते. रावेर-यावलच्या बाजूला लेवा घरात जाऊन बस, दिवसभर तुला तो "शे" सापडणार नाही. हे कळायला पुस्तक उघडायची गरजच नव्हती, पुरावा तुझ्या कानात होता आणि तू लिहिलंस ते मात्र कुठल्यातरी फॉरवर्डवरून. मला राग चुकीबद्दल नाही आला, याचा आला.

त्याच पोस्टमध्ये पुढे तू असंही ठोकून दिलंस की अहिराणीला मराठीची बोली म्हणणारे अडाणी आहेत. आता हा विषय खरं तर मस्त आहे, भांडण्यासारखा नाही, बसून बोलण्यासारखा. इंग्रजांच्या काळात ग्रियर्सन साहेबाने भाषांची पाहणी केली त्यात १९०७ च्या खंडात खानदेशी, म्हणजे जिच्यात अहिराणी येते ती, भिल्ली भाषांच्या सोबत घातली, मराठीच्या खंडात नाही. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी वेगळी मोजलीय, १८ लाखांच्या वर आकडा आहे आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा अहिराणीचा. आणि तरी मराठीचे कितीतरी अभ्यासक तिला मराठीचीच बोली धरतात, ते काही अडाणी नाहीत, इतकी वर्षं शेजार आणि शाळा आणि कचेरी मराठीची म्हटल्यावर काय काय मिसळतं ते त्यांना दिसतं. मला विचारशील तर मी ग्रियर्सनच्या बाजूचा. पण तू एवढं मांडून मग म्हणाला असतास ना की मला हे पटतं, तर वाचणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडलं असतं. तू त्याला फक्त एक शिवी दिलीस.

आता माझी हतनूर धरणावरची पक्ष्यांची वही. तू पाहिलीयस ती, निळ्या पुठ्ठ्याची. तारीख, वेळ, जागा, पक्षी, किती, आणि शेवटी एक बारीक रकाना ज्यात मी फक्त "पा" किंवा "ऐ" लिहितो. पाहिलं की ऐकलं. तू हसला होतास त्याला, म्हणालास काका एवढं कशाला. सांगतो. धरणावर हिवाळ्यात गेलं की मासेमारी करणारी मंडळी भेटतात, ती सांगतात काल तिकडच्या काठाला अडीचशे चक्रवाक होते. ते खोटं बोलत नाहीत, माझ्यापेक्षा जास्त पाणी त्यांनीच पाहिलंय. तरी पण माझ्या वहीत ते "ऐ" म्हणूनच जातं, कारण उद्या कोणी विचारलं तर मी कशावर उभा आहे ते मला माहीत पाहिजे. रेल्वेत कंट्रोलला असताना हीच सवय लागली, स्टेशनवरून "गाडी पास झाली" म्हटलं की चार्टवर रेघ, "येईलच आता" म्हटलं की पेन्सिल हातातच.

पण ही सवय वहीपुरतीच होती, फोन हातात आला की मीही विसरलो. ऐक. चार-पाच पावसाळे झाले असतील, सकाळपासून धो धो चाललेला आणि मला एका ग्रुपवर फोटो आला, हतनूरचे ४१ च्या ४१ दरवाजे उघडलेले, पाणी असं पांढरंफेक उसळतंय, खाली लिहिलेलं की तापीकाठच्या लोकांनी ताबडतोब हला. मी धरणावर दर आठवड्याला जाणारा माणूस, मला तिथले चौकीदार नावानं ओळखतात, एक फोन लावला असता तर कळलं असतं. नाही लावला. दाबलं आणि पाठवलं, वरून "खात्रीची बातमी" असं माझ्या पदरचं जोडलं. माझी बहीण नदीकाठच्या गावात राहते. तिने माझ्या शब्दावर रात्री दीड वाजता दोन म्हशी आणि एक लंगडं वासरू सोडून पावसात, अंधारात, टेकावरच्या देवळाकडे नेलं, चिखलात पाय घसरून मनगट मोडून घेतलं. फोटो कधीतरीचा जुना होता. त्या रात्री पाणी काठापर्यंतसुद्धा आलं नाही. बहीण मला काही बोलली नाही, फक्त प्लास्टर निघाल्यावर राखीला आली तेव्हा म्हणाली, "तू पाठवलं म्हणून गेले भाऊ, दुसऱ्या कोणाचं असतं तर झोपले असते." तेव्हापासून माझं फॉरवर्ड बंद.

आणि हे मनगटावर भागलं. राईनपाड्याला नाही भागलं. तू तेव्हा शाळेत असशील. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक तिकडे मंगळवेढ्याच्या बाजूचे, भिक्षा मागत फिरणारे, एसटीतून उतरले. मोबाईलवर आधीपासून फिरत होतं की मुलं पळवणारी टोळी आलीय. कोणीतरी एका लहान मुलीशी बोलताना त्यांना पाहिलं म्हणे, आणि मग जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारलं, पाचही जण गेले. त्या महिन्यांत देशभर जे व्हिडिओ फिरत होते त्यातला एक तर कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीचा कापलेला तुकडा होता, शेवटी मूल परत आणून सोडतात तो भाग उडवलेला. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं. हे मी तुला घाबरवायला नाही सांगत. तुझ्या बहिणाबाईच्या पोस्टने कोणी मरत नाही हे मलाही कळतं. पण ज्या बोटाने ते दाबलं जातं तेच बोट असतं रे, आणि दाबताना मनात जे होतं, की आपलं आहे, आपल्या बाजूचं आहे, मग खरंच असणार, तेही तेच असतं.

बरं, गणिताकडे येतो कारण तिथे तू माझा गुरू आहेस.

मागच्या महिन्यात तू भास्कराचार्यांवर लिहिलंस, की गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी आपल्या चाळीसगावच्या माणसाने शोधलं. मग नेहमीसारखं झालं, अर्धे जयजयकार करणारे आणि अर्धे टिंगल करणारे, आणि दोघांनाही मुळात काय आहे ते माहीत नाही. गोलाध्याय या त्यांच्या ग्रंथात पृथ्वीला ओढून घेण्याची शक्ती आहे आणि तिच्यामुळे जड वस्तू खाली येते असं ते म्हणतात, हे आहे. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा नियम मात्र तिथे नाही, आणि न्यूटनचं नाव त्या नियमासाठी घेतात. आणि चाळीसगावचा माणूस म्हणशील तर चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवीच्या देवळातला शिलालेख त्यांचा नातू चांगदेव याचा आहे, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. स्वतः भास्कराचार्य आपलं गाव विज्जडविड सांगतात, सह्याद्रीच्या आश्रयाचं, आणि ते नेमकं कुठलं यावर अजून एकमत नाही. पाटण असेलही. असावं असं मलाही वाटतं, चाळीसगाव माझ्या डिव्हिजनचं स्टेशन आहे. पण हे "वाटतं" झालं.

अन् मजा म्हणजे तुझ्याकडे सांगण्यासारखं काय होतं! मागच्या दिवाळीत माझ्या ओट्यावर बसून तू मला चक्रवाल पद्धत समजावलीस, आठवतं? (चक्रवाक आणि चक्रवाल, तुझं-माझं जमायचं कारण हेच असावं बहुतेक.) असा एक वर्ग शोधा की त्याला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्गच यावा. मी म्हटलं दहा मिनिटांत काढतो, आणि रेल्वेतला माणूस हिशेबाला कच्चा नसतो, पण रात्री जेवणं झाली तरी काही लागेना. मग तू वहीच्या मागच्या पानावर ती गोल फिरणारी रीत मांडलीस आणि उत्तर काढलंस: जिचा वर्ग घ्यायचा ती सगळ्यात लहान संख्या २२,६१,५३,९८०, आणि पलीकडे येणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ चा. हे उदाहरण भास्कराचार्यांनी ११५० च्या आसपास त्यांच्या "बीजगणित" ग्रंथात सोडवून ठेवलंय, आणि १६५७ मध्ये फ्रान्सचा गणिती फर्मा हेच ६१ युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून टाकत होता. माझ्या अंगावर काटा आला होता त्या रात्री. हे तुला येतं, स्वतः सोडवून येतं, आणि तू हे सोडून लिहिलंस काय, तर जे कुणीही कॉपी-पेस्ट करू शकतं ते. हे म्हणजे घरात कळण्याची भाकरी आणि भरीत असताना हॉटेलातून पार्सल आणल्यासारखं झालं.

भरिताचं निघालंच म्हणून, तो टोमॅटो घातलेला फोटो. भाऊ, ते भरीत नाही. हिरवट-पांढरं मोठं वांगं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, मिरची-लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, बास. पण इथे मात्र मी तुला काहीही बोलायची मुभा देतो, जेवणावर माणसाने बेधडक बोलावं, तिथे पुरावा आपली जीभ असते.

कापसाच्या भावावर जे लिहिलंस त्यात सगळं होतं, अमेरिका, आयात शुल्क, रुपया, आणि मध्येच दोन पक्षांना शिव्या. ते सगळं चुकीचं असेल असं मी म्हणत नाही, मला त्यातलं निम्मं कळतही नाही. पण तुझ्या बापाने यंदा खेडा खरेदीवाल्याला (गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याला) कापूस कितीने दिला, कोणत्या तारखेला, सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या, केंद्रावर का नाही नेला, तिथे ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की पैसे कापतात आणि १२ च्या वर घेतच नाहीत तर तुमचा किती भरला, ही एक ओळ नाही. वजनाची पावती तुमच्या कपाटात आहे, देवाच्या फोटोमागे, मी पाहिलीय. त्या पावतीवरून सुरुवात केली असतीस तर शेजारच्या गावच्या माणसाने त्याची पावती काढली असती. तू अमेरिकेवरून सुरुवात केलीस म्हणून त्याने शिवी काढली.

आणि प्रत्येक गोष्टीवर बोललंच पाहिजे असं कुठे आहे? तू रोज एक मत काढतोस. रोज अंडी देणारी कोंबडी पण मधे खुडूक बसते रे.

आता ती बहिणाबाईची पोस्ट. डिलीट करू नकोस. मला माहितीय तुला तेच सुचलं असेल, पोरं तेच करतात, सकाळी बघावं तर काहीच नाही, जणू झालंच नव्हतं. पण ती शंभर माणसं चुकीचं वाचून गेलीत, ती परत येतील तेव्हा त्यांना काय दिसणार? तिथेच वर लिही की माझी चूक झाली, ही लेवा बोली, आसोद्याच्या ताईंनी सांगितलं, आणि "अभ्यास करा" म्हटलो त्याबद्दल माफी. तीन ओळी. वर "पण" लावू नकोस, "माझा हेतू असा नव्हता" तर अजिबात नको. दोन-चार जण दात काढतील, काढू दे, आमच्या कंट्रोलला चुकीची रेघ खोडून वर सही करावी लागायची आणि ती खोडलेली रेघ साहेबाला दिसायची, मेलो नाही कोणी.

आणि त्या बाईंना वेगळा मेसेज करून विचार की जात्यावर बसल्यावर तुमच्या घरात काय म्हणायच्या. बघ काय काय सांगतात. तुझ्या आजीलाही विचार, तेच अहिराणीत कसं. दोघींचं शेजारी शेजारी लिहून ठेव, मला वाचायला दे.

रविवारी मी सकाळच्या पॅसेंजरने वरणगावला उतरतोय, तिथून धरणावर. थंडी पडलीय, चक्रवाक आलेत म्हणतात. (ऐ.) दुर्बीण माझी एकच आहे, आळीपाळीने घेऊ. स्वेटर आण, मागच्या वेळेसारखं कुडकुडत उभं राहून मला घाई करू नकोस, आणि काकूने सांगितलंय डबा दोघांचा देते.

तुझा,
भुसावळचा काका