दारावरची पाटी

मावशी, लग्नाला ३ वर्षं झाली, जर्मनीत श्टुटगार्टला येऊन ८ महिने. माहेर निफाडचं, वडलांची द्राक्षबाग. नाशिकला पतसंस्थेतली ५ वर्षांची नोकरी सोडून इथे आले. नवरा सकाळी सातला जातो, संध्याकाळी साडेसहाला येतो. दिवसभर मी आईशी व्हिडिओ कॉलवर असते, तो चालू ठेवूनच स्वयंपाक करते. तिला सांगते, सगळं मस्त चाललंय. साडेचारला अंधार पडतो आणि मला रडू येतं. मागच्या आठवड्यात खालच्या आजींनी दारावर चिठ्ठी लावली: रविवारी मिक्सर लावू नका, आणि जिना झाडायची पाळी तुमची होती. इतकी लाज वाटली की दोन दिवस खाली उतरले नाही. नवरा म्हणतो, होईल सवय. सहा-सात महिने माहेरी जाऊन राहू का?
– निफाडची लेक

लेकी,

दोन दिवस जिना उतरली नाहीस, हे वाचून पोटात तुटलं. म्हणून आधी त्या चिठ्ठीचंच बोलते.

जिन्याच्या पाळीला तिथे ‘केरवोखे’ म्हणतात. वोखे म्हणजे आठवडा, आणि केर जवळजवळ आपल्या केरासारखाच ऐकू येतो. बऱ्याच इमारतींत ज्यांची पाळी त्यांच्या दारावर एक छोटी पाटी लटकते. मी १९८८ साली त्याच शहरात राहायला गेले, तेव्हा पाटी पहिल्यांदा आमच्या दारावर आली. कुणीतरी चुकून अडकवली असं समजून मी ती शेजारच्या दारावर नेऊन टांगली! शेजारीण तावातावाने परत घेऊन आली. मी आत जाऊन रडले. कळायला बरेच महिने लागले की त्या इमारतीने मला पहिल्यांदा घरातलं माणूस म्हणून मोजलं होतं. पाहुण्याला कुणी झाडू देत नाही गं.

तुझ्या आजींची चिठ्ठी तशीच वाच. रविवारची शांतता तिथे सगळ्यांनाच पाळावी लागते, रात्री दहानंतरचीही. काचेच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा कुणी रविवारी कचराकुंडीत टाकत नाही, फुटण्याचा आवाज होतो म्हणून. मिक्सर तुझा होता म्हणून चिठ्ठी आली नाही. शनिवारी चटणी वाटून ठेव. आणि थोड्या शंकरपाळ्या घेऊन खाली जा. माफीची लांबलचक वाक्यं पाठ करू नकोस, एवढंच विचार: ‘क्योनेन झी मिर दास त्साइगन?’ मला हे दाखवाल का? झाडू कुठला, फरशी कधी पुसायची, दारापुढचा फुटपाथ कुठपर्यंत आपला, हे त्या नक्की दाखवतील. लगेच जीव लावतील असं मी म्हणत नाही. पण जिन्यात नमस्कार सुरू होईल, आणि ८ महिन्यांत तुला तेवढाही मिळालेला नाही.

आता आईचं. हिवाळ्यात तुझं घड्याळ निफाडच्या साडेचार तास मागे. तुझ्याकडे साडेचार होतात तेव्हा तिथे रात्रीचे नऊ. म्हणजे बाहेर अंधार पडतो त्याच वेळी आई फोन ठेवून झोपायला जाते, आणि नवरा यायला अजून दोन तास असतात. तुझं रडू नेमकं त्या दोन तासांतलं आहे. दिवसभर तू निफाडमध्ये राहतेस, संध्याकाळी एकदम श्टुटगार्टला येऊन पडतेस, तेही काळोखात. फोन बंद कर असं कुठल्या तोंडाने सांगू? मी तर आईच्या एरोग्रामची, म्हणजे हवाई टपालाच्या पत्राची, दिवस मोजून वाट पाहायचे. पण तो अर्ध्या तासावर आण. आणि ‘मस्त चाललंय’ हे थांबव. चिठ्ठीची गोष्ट तिला सांग. रोज इतके तास हसरा चेहरा धरून ठेवायचा, याने माणूस थकतंच.

ते दोन तास घराबाहेर काढ. फोक्सहोखशूलेत, म्हणजे तिथल्या लोकशिक्षणाच्या शाळेत, जर्मनचे संध्याकाळचे वर्गही असतात. ‘इंटिग्रेशन कोर्स’मध्ये बहुधा ६०० तास भाषा आणि १०० तास देशाचे कायदे, इतिहास, समाज असतो. तुला त्यात जागा मिळते का, हे परदेशी नागरिकांच्या कचेरीत विचार. तुझं निवासाचं कार्डही नीट वाच. नवऱ्याबरोबर राहण्यासाठी मिळालेल्या परवान्यावर साधारणपणे नोकरी करता येते, आणि तसं कार्डावर छापलेलं असतं. ५ वर्षं लोकांचा पैसा सांभाळलेली मुलगी तू, भाषा आली की हिशेबाचं काम मिळणं अशक्य नाही. स्वतःच्या नावाचं खातं उघडलंस का, ते पत्रात नाही. नसेल तर या महिन्यात उघड.

नवऱ्याचं ‘होईल सवय’ मला पटलं नाही. त्याला सकाळी निघायला जागा आहे, तुला नाही. हे त्याला भांडणाशिवाय, पण स्पष्ट सांग. वर्गाच्या दिवशी कुकर त्याने लावावा. जिन्याची पाळीही दोघांची आहे.

सहा-सात महिने मात्र जाऊ नकोस. सलग सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलं तर परवाना बहुतेक वेळा रद्द होतो, हे एक. दुसरं, परत येशील तेव्हा हाच जिना पहिल्यापासून चढावा लागेल. वर्गाची पहिली पातळी संपव, मग तीन-चार आठवडे हक्काने जा, परतीचं तिकीट काढूनच. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर थांबू नकोस, डॉक्टरकडे जा. आणि घरात कुणी त्रास देत असेल तर यातलं काहीही लागू नाही. तेव्हा सरळ निघून ये आणि मला लिही.

अजून एक. तुझ्या शहरात द्राक्षमळे थेट रेल्वे स्टेशनजवळच्या टेकड्यांपर्यंत उतरतात, दगडी पायऱ्यांच्या वाटांनी तिथे जाता येतं. जानेवारीत आपल्याकडे बागा घडांनी लगडलेल्या असतात, तेव्हा तिथल्या वेली पानं गाळून उभ्या असतात आणि छाटणी चालते. थंडीत वेल झोपतो, म्हणून वर्षाकाठी ती एकच मोठी छाटणी, आपल्यासारखी एप्रिल-ऑक्टोबरची जोडी नाही. एखाद्या कोरड्या दुपारी वर जा आणि तिथून वडलांना फोन लाव. काडीवर किती डोळे, म्हणजे फुटीच्या कळ्या, राखलेत, तार किती उंचीवर आहे, ते त्यांना जवळून दाखव.

– मावशी