वाचकांचे प्रश्न : युद्धकथांचा शेवट घाईत का उरकतो?

प्रश्न : प्राचीन युद्धांवरील जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा, मी आवडीने वाचतो. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा सेनापती हॅनिबल आणि रोमचा सेनापती स्किपिओ यांच्या युद्धावरील 'अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा' ही १३ खंडांची मालिका नुकतीच वाचून झाली. सुरुवातीच्या लढाया तीत सविस्तर येतात, शेवट मात्र उरकल्यासारखा वाटतो. असे का होते? प्राचीन चीनमधील राज्यांच्या युद्धांवरील 'किंगडम' या मांगाचेही तसेच होईल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्याला जाणवलेली घाई शेवटी दिसत असली, तरी तिचे मूळ युद्धाच्या मधल्या वर्षांत आहे, असे मला वाटते. हॅनिबलचे आल्प्स ओलांडणे आणि ट्रेबिया, ट्रासिमीन व काने येथील लढाया हे सारे इ. स. पू. २१८ ते २१६ या अल्पकाळात घडले. त्यानंतर हॅनिबल इ. स. पू. २०३ पर्यंत इटलीतच होता, परंतु ती वर्षे वेढ्यांत, मित्रनगरांच्या फितुरीत आणि रोमने जाणूनबुजून टाळलेल्या लढायांत गेली. मासिकातून क्रमशः येणाऱ्या चित्रकथेला प्रत्येक प्रकरणात वाचकाला धरून ठेवावे लागते, आणि असा संथ काळ तिथे सर्वांत आधी कापला जातो. रोमन इतिहासकार लिव्ही याने या युद्धाला दहा ग्रंथ दिले, त्यांपैकी काने दुसऱ्याच ग्रंथात येते. पुढचे आठ ग्रंथ याच युद्धाच्या कानेनंतरच्या वर्षांचे आहेत.

हा भाग आटपला की झामाची लढाई, इ. स. पू. २०२, केवळ दोन सेनापतींचे द्वंद्व उरते. वास्तविक तिथे निर्णायक ठरला तो हॅनिबलच्या पिछाडीवर परत येऊन आदळलेला घोडदळाचा हल्ला, आणि त्या घोडदळाचा मोठा भाग पूर्वी स्पेनमध्ये कार्थेजच्या बाजूने लढलेल्या, उत्तर आफ्रिकेतील नुमिडियाच्या मासिनिसाचा होता. तो रोमकडे कसा वळला, हे सावकाश कळले नाही, तर विजय आयता वाटतो. पेडण्याकडील दशावतारी नट पहाट जवळ आली की संवाद आखडते घेऊ शकतात, कारण प्रेक्षकांना आख्यान आधीच ठाऊक असते. मासिनिसा मात्र बहुतेक वाचकांना नवखाच असतो.

'किंगडम'पुढील अडचण वेगळी आहे. २००६ पासून चालू असलेल्या या मालिकेची कथा इ. स. पू. २४५ मध्ये सुरू होते आणि हान राज्यावरील मोहिमेपर्यंत पोहोचायला तिला सत्तरहून अधिक खंड लागले. इतिहासात मात्र इ. स. पू. २३० मध्ये हान पडल्यावर उरलेली पाचही प्रतिस्पर्धी राज्ये इ. स. पू. २२१ पर्यंत नायकाच्या चिन (Qin) राज्याने जिंकली, म्हणजे इथे इतिहासच शेवटाकडे वेग घेतो. तरीही एक जागा घाईत जाऊ नये, अशी माझी तळमळ आहे. ज्या ली शिन या चिनच्या सेनापतीवर नायक बेतलेला आहे, त्याने चू हे राज्य जिंकायला दोन लाख सैन्य पुरेल असे राजाला सांगितले, सहा लाख मागणाऱ्या वांग जियान या दुसऱ्या सेनापतीचे म्हणणे डावलले गेले, आणि ली शिनचा दारुण पराभव झाला. नायकाच्या आयुष्यातील या सर्वांत मोठ्या पराजयाला लेखक किती पाने देतात, यावरच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठरेल.