बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या न्यायालयात आईला मराठीतून साक्ष देता येईल का, आणि आम्हाला तिथे कोणाची मदत मिळेल?

तुमच्या प्रश्नावरून समजले ते असे: दागिने हिसकावताना तुमच्या आईंना मारहाण झाली, ती तुम्ही डोळ्यांनी पाहिली, आता दोघांच्याही नावे कन्नडमधून समन्स आले आहे, आईंना मराठीखेरीज दुसरी भाषा येत नाही आणि आरोपीच्या घरचे लोक ‘मिटवून टाका’ म्हणत दारात येऊन बसतात. मी वकील नाही. याच तालुक्यातील निवृत्त शिक्षिका आहे आणि शेजाऱ्यावर झालेल्या हल्ल्याच्या खटल्यात मी साक्ष दिलेली आहे, त्या अनुभवावरून आणि त्यानंतर समजून घेतलेल्या कायद्यावरून लिहीत आहे.

आईंनी साक्ष मराठीतच द्यावी. आपल्या भागात बाजारहाटापुरते कन्नड पुष्कळांना येते आणि न्यायाधीशांसमोर संकोचाने माणसे तेच मोडकेतोडके बोलू लागतात. परंतु शपथेवर बोलताना एका क्रियापदाने अर्थ बदलतो, म्हणून ज्या भाषेत घटना आठवते त्याच भाषेत ती सांगावी. यात भाषेच्या वादाचा काहीही संबंध नाही. नोंद बहुधा कन्नडमध्ये होईल, आणि म्हणूनच खरी काळजी साक्ष संपल्यावर घ्यायची असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम ३१३ प्रमाणे नोंदवलेली साक्ष आरोपी किंवा त्याच्या वकिलासमोर साक्षीदाराला वाचून दाखवावी लागते, आणि नोंदीची भाषा साक्षीदाराला समजत नसेल तर त्याला समजणाऱ्या भाषेत ती सांगावी लागते. माझ्या साक्षीच्या दिवशी कामाची घाई होती आणि कागद थेट सहीसाठी पुढे आला. मी मराठीतून ऐकवण्याची विनंती केली, तेव्हा लक्षात आले की ‘त्याच्या हातात काठी होती’ या माझ्या वाक्याचे ‘त्याने काठीने मारले’ असे झाले होते. मी मारताना पाहिलेलेच नव्हते. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून तिथल्या तिथे दुरुस्ती करून घेतली. ती चूक तशीच राहिली असती, तर पुढे मीच खोटी ठरले असते. तेव्हा ‘मला हे मराठीतून ऐकायचे आहे’ हे एक वाक्य आईंकडून घरीच चार वेळा म्हणवून घ्या.

पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबाचीही अशीच गोष्ट आहे. तोही कन्नडमध्ये लिहिलेला असेल, आणि त्यात नसलेली एखादी गोष्ट आईंनी न्यायालयात सांगितली तर आरोपीचे वकील उलटतपासणीत नेमके तेच विचारतील. त्यासाठी त्या जबाबात काय आहे हे आधी कळायला हवे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. पीडित व्यक्तीच्या वतीने वकील उभा असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे आरोपपत्राच्या आणि जबाबांच्या प्रती तिलाही मिळतात, आणि न्यायालयाच्या परवानगीने तो वकील सरकारी वकिलांना साहाय्यही करू शकतो. समन्स आले असल्याने हा अर्ज याच आठवड्यात करावा. नुकसानभरपाईचा अर्जही त्याच वकिलांकडून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे देता येईल.

दारात येणाऱ्या माणसांशी वाद घालू नका. जबरी चोरीचा गुन्हा आपापसात मिटवण्याची कायद्यात तरतूदच नाही, एवढेच सांगा. त्यांनी धमकी दिली, तर दिवस, वेळ आणि शब्द लिहून ठेवा. खोटी साक्ष द्यावी म्हणून धमकावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी महेंद्र चावला खटल्यात मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे संरक्षण मागता येते. जबरी चोरी करताना इजा केल्याचा गुन्हा या योजनेत बसतो. पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी धोक्याचा अहवाल देतो आणि त्यावरून घराजवळ गस्त, न्यायालयापर्यंत पोलिसांची सोबत, आरोपीशी समोरासमोर गाठ पडू न देणे असे उपाय ठरतात.

एक गोष्ट मात्र तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुम्ही स्वतः साक्षीदार असल्यामुळे आईंची साक्ष चालू असताना, तुमची साक्ष व्हायची असेल तर, तुम्हाला बाहेर थांबावे लागेल. तेव्हा आत त्यांच्या नजरेसमोर बसायला, साक्षीदार नसलेली एखादी मावशी किंवा शेजारीण आतापासूनच ठरवून ठेवा.